ब्रेकचें ‘तेल’



मोटारीच्या यंत्राविषयीं बोलण्याचा माझा अधिकार फारसा नाहीं. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि आयुष्यभर शाळेंत गणित व शास्त्र शिकवून निवृत्त झालेला एक शिक्षक आहें. घरांत एक जुनी मोटार आहे. तिच्या निमित्तानें जें शिकावें लागलें तेवढेंच आज सांगणार आहें. परंतु तें शिकण्याचा प्रसंग असा होता कीं, तो आधीं सांगितल्यावांचून विषयाची निकड ध्यानांत यावयाची नाहीं.

२०१७ सालच्या मे महिन्यांत आम्ही पांचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरत होतों. गाडी मुलगा चालवीत होता. मागच्या बाजूस सूनबाई, नात आणि आमची मंडळी. टपावर सामान बांधलेलें. पुढें एक अवजड ट्रक रांगत चालला होता आणि त्याच्या मागून आम्ही ब्रेकवर पाय ठेवूनच उतरत होतों. निम्म्याहून अधिक घाट सरला असेल नसेल, तोंच एका वळणाच्या अलीकडे मुलगा म्हणाला, “बाबा, ब्रेक खाली जातोय.” एरवीं दोन बोटें दबून घट्ट होणारें तें पेडल, चिखलांत पाय रुतावा तसें, पार तळाशीं गेलें. त्यानें तें भराभर पुनःपुन्हां दाबलें, गियर खालचा घातला, हातब्रेक बेताबेतानें ओढला आणि डोंगराच्या अंगाला, गटाराच्या कडेस, कशीबशी गाडी उभी केली. कोणाला खरचटलेंसुद्धां नाहीं. नात पाणी मागत होती आणि तें भांड्यांत ओतून देण्याइतका आमच्यांपैकीं एकाचाही हात स्थिर नव्हता.

पुढची गोष्ट याहून चमत्कारिक. पाऊण तासानें पेडल पुन्हां पूर्ववत् घट्ट झालें. वाईस एका गॅरेजमध्यें गाडी दाखविली. तेथल्या माणसानें पेडल दाबून पाहिलें, चारी चाकांपाशीं वांकून कोठें गळती आहे काय तें पाहिलें, आणि “ब्रेक एक नंबर आहेत” असा निर्वाळा दिला. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. त्या क्षणीं ते खरोखरच चांगले होते! घरीं परतल्यावर आमच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रींना मीं ही हकीगत सांगितली. त्यांनीं गाडीला हात लावण्यापूर्वींच विचारलें, “गुरुजी, ब्रेक-ऑइल शेवटचं कधी बदललं?” मुलानें माझ्याकडे पाहिलें, मीं मुलाकडे. गाडी आम्ही घेतली तेव्हांच सहा वर्षांची होती, आणि आमच्याकडे येऊन तिला तीन वर्षें झालीं होतीं. तेवढ्या काळांत तें बदलल्याची नोंद कोठेंच नव्हती. “मग ते उकळलं,” मिस्त्री म्हणाले. “थंड झाल्यावर कुणाला काय दिसणार?”

उकळलें म्हणजे काय, हें कळण्यासाठीं ब्रेक कसा चालतो तें थोडें पाहूं. शाळेंत मी मुलांना यासाठीं औषधाच्या दुकानांत मिळणाऱ्या, सुई काढलेल्या दोन सिरिंजा आणि वीतभर बारीक नळी एवढेंच साहित्य देत असें. दोन्ही सिरिंजांत व नळींत पाणी भरून एकीचा दट्ट्या दाबला कीं दुसरीचा तत्काळ बाहेर येतो. बंद द्रवावर एके ठिकाणीं दिलेला दाब सर्वत्र सारखा पोंचतो, हा सतराव्या शतकांतील फ्रेंच शास्त्रज्ञ पास्कल याचा नियम. मोटारींत पायाखालचें पेडल हा पहिला दट्ट्या व चाकांजवळचे दट्टे हे दुसरे. मध्यें नळ्या आणि त्यांत भरलेला द्रव. अमेरिकेंतील माल्कम लॉकहीड यानें या युक्तीचें पेटंट १९१७ साली घेतलें, आणि १९२१ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग कंपनीनें चारी चाकांना असे ब्रेक बसविलेली गाडी बाजारांत आणली. तत्पूर्वीं हें काम दांडे आणि तारा करीत.

आतां त्या सिरिंजांच्या नळींत मुद्दाम हवेचा एक मोठा बुडबुडा राहूं द्या आणि पुन्हां दट्ट्या दाबून पाहा. बोट आंत जातें, परंतु पलीकडचा दट्ट्या जेमतेम हलतो. द्रव दबत नाहीं; वायु दबतो. तुमची सारी मेहनत त्या बुडबुड्याला दाबण्यांतच खर्ची पडते. घाटांत आमच्या ब्रेकच्या नळ्यांत असाच बुडबुडा निर्माण झाला होता, मात्र तो हवेचा नसून वाफेचा होता. म्हणूनच निवल्यावर तो विरून गेला आणि मागें पुरावा राहिला नाहीं.

एवढी उष्णता आली कोठून, असें कोणी विचारील. त्याचें गणित मीं नंतर करून पाहिलें. पांचगणी आणि वाई यांच्या उंचींत साडेपांचशें मीटरांहून अधिक अंतर आहे. माणसें व सामान धरून गाडीचें वजन बाराशें किलो मानलें, तर तेवढी उंची उतरतांना जी शक्ति मोकळी होते, तिनें अंघोळीची एक मोठी बादली, म्हणजे सुमारें वीस लिटर, गार पाणी उकळीला येईल. उतारावर इंजिनाला आवरावयास लावलें तर या शक्तीचा बराच वांटा इंजिन सोसतें, कांहीं वाऱ्यांत जातो. पण वरचा गियर ठेवून केवळ ब्रेकवर उतरलें कीं ती बहुतेक सारी चाकांजवळच्या तबकड्यांत व पॅडांत येऊन सांठते, आणि त्यांना खेटून असलेल्या दट्ट्यामागेंच तो द्रव असतो. घाटाच्या तोंडाशीं खालच्या गियरमध्यें उतरण्याविषयीं ज्या पाट्या असतात, त्यांचा अर्थ हाच आहे. (मीं त्या पाट्या चाळीस वर्षें वाचल्या, अर्थ २०१७ साली कळला.)

आणि आतां मुख्य मुद्दा. ज्याला आपण सर्रास ‘ब्रेक-ऑइल’ म्हणतों तें तेल नव्हेच. बहुतेक मोटारींत जो द्रव असतो तो ग्लायकॉल जातीच्या रसायनांचा बनलेला असून त्याचा स्वभाव तेलाच्या अगदीं उलट आहे. तेल पाण्याला दूर ठेवतें. हा द्रव पाण्याला ओढून घेतो. पावसाळ्यांत डब्याचें झांकण सैल राहिलें कीं पापड जसे सादळतात, तसा हाही सादळतो. टांकीच्या झांकणाला हवा येण्याजाण्यापुरती वाट असते तेथून, आणि चाकांकडे जाणाऱ्या रबरी नळ्यांच्या अंगांतून सुद्धां, हवेंतील ओलावा वर्षानुवर्षें झिरपत राहतो. पापडाला निदान हात लावतांच कळतें. हा द्रव मात्र सादळला तरी तसाच वाहतो, तसाच दिसतो, आणि रोजच्या गांवांतल्या फेऱ्यांत पेडलही तसेंच घट्ट लागतें.

फरक पडतो तो उत्कलनबिंदूंत. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानें या द्रवांच्या प्रती ठरविल्या आहेत. त्या खात्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘डॉट’ म्हणतात, व आपल्याकडील बाटल्यांवरही तेच आंकडे असतात. डॉट ३ हा द्रव कोरा असतांना २०५ अंश सेल्सिअसच्या खालीं उकळतां कामा नये. परंतु त्यांत पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलें म्हणजे त्याच्याकडून १४० अंशांचीच अपेक्षा धरलेली आहे. डॉट ४ साठीं हेच आंकडे २३० आणि १५५ आहेत, आणि डॉट ५.१ साठीं २६० आणि १८०. म्हणजे शंभरांत चार भागही पाणी नाहीं, आणि सहनशक्ति पासष्ट ते ऐंशी अंशांनीं उतरली! आमच्या नऊ वर्षांच्या द्रवांत किती पाणी होतें हें मापण्याचें तेव्हां सुचलें नाहीं. तो बाटलींत काढला तेव्हां काढ्यासारखा काळपट होता, एवढें खरें.

रंगाचें म्हणाल तर त्यावर भिस्त ठेवूं नये. नवा द्रव पाण्यासारखा किंवा फिकट मधासारखा असतो, आणि काळा पडलेला द्रव बदलावा हें बरोबरच. पण स्वच्छ दिसणारा द्रव कोरडा असतोच असें नाहीं, कारण पाण्याला रंग नसतो. गॅरेजमध्यें एक पेनासारखें परीक्षणयंत्र असतें. तें टांकींत बुडविलें कीं हिरवा, पिवळा वा तांबडा दिवा लागतो. त्याचा उपयोग आहे. तरी तें टांकीतल्या द्रवाची परीक्षा करतें आणि उकळी फुटते ती चाकापाशीं, हें विसरूं नये.

मग पाणी न पिणारा द्रव कां वापरीत नाहींत? तसाही एक आहे. तो डॉट ५, सिलिकोनचा, जांभळ्या रंगाचा. तो ओलावा शोषीत नाहीं, पण म्हणून ओलावा आंत येण्याचें थांबत नाहीं. आंत आलेलें पाणी त्यांत न मिसळतां थेंब होऊन सर्वांत खालच्या जागीं, म्हणजे चाकाजवळच, जाऊन बसतें. तेथें तें लोखंड गंजवितें आणि शंभर अंशांनाच उकळतें. ग्लायकॉलचा द्रव पाणी पितो हा त्याचा दुर्गुण वाटतो खरा, परंतु तें सर्वत्र सारखें पसरवून तो आपणांस कांहीं काळ सांभाळून घेतो. शिवाय सिलिकोनच्या द्रवांत हवेचे सूक्ष्म बुडबुडे सहज अडकतात, म्हणून चाक घसरूं न देणाऱ्या एबीएस यंत्रणेच्या गाड्यांना तो चालत नाहीं.

येथें नांवांचा एक घोटाळा सांगून ठेवतों. डॉट ५ आणि डॉट ५.१ हीं नांवें सख्ख्या भावांसारखीं ऐकूं येतात, परंतु त्यांचें गोत्र निराळें आहे. ५.१ हा ३ आणि ४ यांच्याच ग्लायकॉल घराण्यांतला. ३, ४ आणि ५.१ एकमेकांत मिसळतात. डॉट ५ या कोणांतही मिसळूं नये. हे क्रमांक ज्यानें दिले त्याला माझ्या वर्गांत मीं उभें केलें असतें.

निवड करतांना दुकानदाराला विचारण्यापूर्वीं बॉनेट उघडून टांकीचें झांकण वाचावें. कोणता डॉट घालावयाचा हें त्यावर बहुधा लिहिलेलें असतें, आणि गाडीच्या पुस्तिकेंत तर असतेंच. जेथें डॉट ३ सांगितला आहे तेथें डॉट ४ घातल्यानें सामान्यतः बिघडत नाहीं. जेथें ४ सांगितला आहे तेथें स्वस्त पडतो म्हणून ३ मात्र कदापि घालूं नये. अलीकडच्या कांहीं गाड्यांना ४ मधलाच अधिक पातळ प्रकार लागतो, कारण त्यांच्या घसरणरोधक यंत्रांच्या बारीक वाटांतून द्रव झटकन् धांवावा लागतो. पुस्तिकेंत तसें लिहिलें असल्यास नुसता ‘डॉट ४’ हा शब्द पाहून समाधान मानूं नये. ‘मोठा आंकडा तो अधिक चांगला’ हा नियम येथें लागू नाहीं. शर्यतीच्या गाड्यांसाठीं निघणारे कांहीं द्रव फार उंच तापमान सोसतात, पण ते इतक्या लौकर बदलावे लागतात कीं गृहस्थाच्या गाडीला त्यांचा उपयोग नाहीं.

‘ब्रेक-ऑइल’ या नांवानें केलेला खरा अनर्थ निराळाच आहे. ऑइल म्हटल्यावर कोणी भला माणूस, पातळी उतरलेली पाहून, घरांत उरलेलें इंजिनाचें तेल त्या टांकींत ओततो. ब्रेकच्या आंतलीं रबरें ग्लायकॉलसाठीं बनविलेलीं असतात; खनिज तेल लागतांच तीं फुगतात व मऊ पडतात. पुढें ब्रेक चाकाला चिकटून बसतात किंवा मुळींच लागत नाहींत. असें झाल्यास गाडी चालवीत गॅरेजला नेऊं नये, ओढून न्यावी. आणि द्रव बदलून भागत नाहीं, आंतलीं सर्व रबरें बदलावीं लागतात. कांहीं जुन्या सित्रोएन गाड्यांना हिरवें खनिज तेलच लागतें, तेथें उलट आपला नेहमींचा द्रव विषासमान. झांकण वाचा म्हणतों तें याकरितां.

पातळी उतरली कीं भर घालावी, ही सवयही तपासून पाहण्यासारखी आहे. पॅड झिजत जातात तसे चाकांतले दट्टे पुढें सरकतात व त्यांच्या मागें द्रव जाऊन टांकींतील पातळी हळूहळू खालीं येते. ती उतरलेली रेघ म्हणजे पॅड पाहण्याची चिठ्ठी समजावी. भर घालून आपण ती चिठ्ठी फाडून टाकतों, आणि नवे पॅड बसवितांना दट्टे मागें रेटले कीं तोच द्रव वर येऊन सांडतो. सांडला तर गाडीच्या रंगाची चामडी सोलून काढतो, तेव्हां तत्काळ भरपूर पाण्यानें धुवावें. पॅड नवे असूनही पातळी घसरत असेल, तर मात्र कोठेंतरी गळती आहे आणि गाडी रस्त्यावर आणूं नये.

बदलावयाचा केव्हां? बहुतेक गाड्यांच्या पुस्तिका दोन वर्षें अथवा अमुक किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तें, अशा भाषेंत सांगतात. आमच्यासारखे निवृत्त लोक त्यांतला किलोमीटरचा भाग लक्षांत ठेवतात. “आमची गाडी वर्षांत दोन हजारही होत नाहीं, तिला काय झालें आहे?” असें मीं स्वतः म्हटलेलें आहे. पण इंजिनाचें तेल धांवल्यानें खराब होतें, आणि हा द्रव उभ्या उभ्या. घराखालीं झाकून ठेवलेली गाडीही श्रावणाची हवा खातच असते. मुंबई-कोंकणांतल्या दमट हवेंत तर दोन वर्षांची मुदत ताणूं नये.

बदलण्याची रीत आतां सांगतों. ज्याला हाताची संवय आहे त्यानें ती जाणत्याच्या देखरेखीखालीं करावी. इतरांनीं गॅरेजमध्यें उभें राहून पाहण्यापुरती ऐकावी. आधीं टांकींतला जुना द्रव सिरिंजेनें ओढून काढून नवा भरतात. नवी बाटली सीलबंदच हवी. मागच्या वर्षीं उघडून उरलेली अर्धी बाटली म्हणजे आधींच सादळलेला माल. साधारण एक लिटर पुरतो. नंतर प्रत्येक चाकापाशीं एक लहान निपल असतें, त्याला पारदर्शक नळी लावून तिचें टोक थोडा द्रव असलेल्या बाटलींत बुडवितात. एकानें आंत बसून पेडल सावकाश दाबून धरावयाचें, दुसऱ्यानें निपल सैल करावयाचें. जुना द्रव बाहेर पडला कीं निपल बंद, आणि मगच पेडल सोडावयाचें. हा क्रम चुकला व निपल उघडें असतांना पाय उचलला, तर बाहेरची हवा आंत ओढली जाते. नळींतून स्वच्छ, बुडबुड्याविना द्रव येईपर्यंत हें चालतें. यालाच आपले मिस्त्री ‘एअर काढणें’ म्हणतात. पुष्कळ गाड्यांत टांकीपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करतात, पण कांहींचा क्रम निराळा असतो, तेव्हां पुस्तिका पाहावी. मधूनमधून टांकी भरत राहिली पाहिजे. ती रिकामी झाली कीं केलेलें सर्व फुकट, आणि एबीएसच्या गाडींत हवा त्या यंत्रांत शिरली तर ती काढण्यास संगणक जोडावा लागतो. जुन्या गाडींत पेडल जमिनीपर्यंत दाबूं नये, खालीं लाकडाचा ठोकळा ठेवावा. कारण दट्ट्या रोज जेथपर्यंत जात नाहीं तेथें सिलिंडर आंतून गंजलेला असतो व त्यावर घासून रबराची कड फाटते.

काम झाल्यावर गाडी जागेवर असतांनाच पेडल दाबून पाहावें. तें दगडासारखें लागलें पाहिजे, स्पंजासारखें नव्हे. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर अगदीं मंद गतीनें. काढलेला द्रव मोरींत ओतूं नये. गॅरेजवाला वापरलेलीं द्रव्यें देतो तिकडेच, निराळ्या बाटलींत, द्यावा.

शेवटीं क्लचविषयीं. लहान गाड्यांत क्लच पुष्कळदां तारेनें चालतो, तेथें द्रवाचा प्रश्नच नाहीं. इतर अनेक गाड्यांत तो याच द्रवानें चालतो, आणि पुष्कळदां ब्रेकच्याच टांकींतून. क्लचकडे जाणारी वाट त्या टांकींत मुद्दाम जरा उंचावर ठेवलेली असते. क्लचकडे गळती झाली तरी ब्रेकपुरता द्रव खालीं शिल्लक राहावा, ही योजना. म्हणून पातळी फार उतरली तर आधीं क्लच तक्रार करतो. गियर घालतांना खरखर होते, मागचा गियर पडत नाहीं, पेडल वर येण्यास आळस करतें. क्लचच्या नळींत द्रव अगदीं थोडा असतो, तो गियरपेटीच्या उष्णतेशेजारीं राहतो आणि रबराच्या झिजेनें ब्रेकच्या द्रवाहून लौकर काळा पडतो. असें असून चार चाकांचीं चार निपलें उघडणारा माणूस पांचवें, क्लचचें, बहुधा विसरतो, कारण तें गियरपेटीजवळ अडचणींत असतें. आमच्याकडेही पहिल्या खेपेस तें राहूनच गेलें होतें. बिलावर नुसतें ‘ब्रेक-ऑइल बदललें’ एवढेंच लिहिलें असेल, तर पैसे देण्यापूर्वीं त्या पांचव्या निपलाची चौकशी करावी.